नांगर, लेथ आणि आपली बॅच

स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तोवर शाळेच्या आठवणी, सहली, स्नेहसंमेलनातली नाटके असे सगळे विषय वाटले गेले होते. मला सांगण्यात आले, "तू सगळं आयुष्य कारखान्यात काढलंस, त्यावर लिही. फक्त रटाळ होऊ देऊ नकोस." पहिली सूचना पाळतो. दुसरीची हमी देत नाही.

माझ्या नोकरीचा इतिहास चार ओळींत संपतो. १९७९ साली एसएससी, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा, १९८२ साली पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी आणि उत्पादन विभागातूनच निवृत्ती. पण एका शेतकऱ्याच्या मुलाला या चार ओळी लिहिता याव्यात म्हणून आधी सत्तर-ऐंशी वर्षे बरेच काही घडावे लागले. त्यातला मोठा भाग आपल्या शाळेपासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर घडला. तोच इतिहास सांगतो. त्यात माझा एक जुना हिशेबही अडकला आहे. तो शेवटाकडे येईल.

वाडीचा भोंगा

सकाळच्या शाळेत वारा अनुकूल असला की किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचा भोंगा वर्गात ऐकू येई. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील, काका त्या भोंग्याच्या हिशेबाने घराबाहेर पडत. आपल्याला त्याचे काही विशेष वाटत नसे. गावाला ओढा असतो तसा कारखाना असतो, एवढीच आपली समजूत.

तो कारखाना काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी जन्मले. त्यांना व्हायचे होते चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते गेलेही, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे तिथे लक्षात आले. रंग सुटले, रेघ मात्र हातात राहिली. यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शास्त्र ते शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून ते बेळगावला आले. थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांनी तिथे सायकलींचे दुकान चालवले. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून मोजतो, ती या दुकानापासून.

सायकलीनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर ती खोल कापून उलथी करतो, त्यामुळे तणाची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. फायदा उघड होता. तरीही पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटत होती. मालाचे गुण कारखानदाराला पटले म्हणून भागत नाही, वापरणाऱ्यालाही ते पटावे लागतात. हा धडा त्यांना कारखाना मोठा होण्याआधीच मिळाला.

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी होती, ती सोडावी लागली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला, सापांनी वस्ती केलेला माळ. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले.

हजारावा नांगर

इथे माझ्या धंद्याची व्याख्या सांगून टाकतो. घरच्यांनाही ती कधी नीट समजावता आली नाही. एक नांगर उत्तम बनवणे ही कारागिरी. पहिला आणि हजारावा नांगर सारखाच बनवणे, तोही परवडेल अशा किमतीत, हे उत्पादन अभियंत्याचे काम. फाळ झिजतो. दोन हंगामांनी शेतकरी नवा फाळ घेतो, तेव्हा तो जुन्याच भोकांना बसला पाहिजे. बसला नाही तर गावातल्या लोहाराकडे जावे लागते. मग कारखान्याचा नांगर घेऊन उपयोग काय?

हे बोलायला सोपे आहे. ओतकामात आधी लाकडाचा पॅटर्न बनवतात, त्याचा ठसा वाळूत घेतात आणि त्यात वितळलेले लोखंड ओततात. पण लोखंड निवताना आकसते. बिडाचे ओतीव फुटाला साधारण एक अष्टमांश इंच आखूड होते. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. पॅटर्न बनवणारे सुतार त्यासाठी वेगळीच पट्टी वापरतात. तिच्यावरचा फूट हा खऱ्या फुटापेक्षा थोडा लांब असतो. गरम धातूचे माप खरे नसते, हे त्या सुताराला इंजिनिअरच्या आधी ठाऊक असते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाडीच्या सुरुवातीच्या माणसांत अनंतराव फळणीकर होते. त्यांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते, पण पुढे ते कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजले गेले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन आले. शाळा सुटलेला आणि जगातल्या नामवंत संस्थेत शिकलेला, दोघेही एकाच कारखान्याचे. आपल्या भागातला यंत्रोद्योग या दोन पायांवर चालू लागला.

मायक्रॉनचे दिवस

नांगराचे भोक अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी बोल्ट जातो. इंजिनाचे तसे नाही. डिझेल इंजिनाच्या इंधनपंपात प्लंजर आणि त्याच्या नळीतली फट दोन-तीन मायक्रॉन असावी लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केस, ज्यांच्या डोक्यावर अजून आहेत त्यांचा, साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

हा टप्पा आपल्या भागाने चाळीसच्या दशकात ओलांडला. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनवणारा कारखाना निघाला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्र्या आणि मशीनशॉप वाढत गेले. १९४७ साली सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. त्यालाच १९५५ पासून आपण वालचंद कॉलेज म्हणून ओळखतो. नांगर बनवणाऱ्या मुलखाला आता मायक्रोमीटर वाचणारी माणसे हवी होती.

मग पुण्याची पाळी आली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा म्हणजे अप्रेंटिसशिपचा कायदा झाला आणि १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. १९६६ साली टेल्कोने पिंपरीत पाय रोवले. त्या कारखान्याचे शिल्पकार सुमंत मुळगावकर. तिथे आधी गाड्या निघाल्या नाहीत. आधी यंत्रे, डाय आणि साचे बनवणारा विभाग उभा राहिला, पोरांना शिकवणारा विभाग उभा राहिला. गाड्या बऱ्याच वर्षांनी आल्या. आपल्याकडे उद्घाटनाची घाई असते. त्या काळात कोणी माणसे घडण्याची वाट पाहायला तयार होते, याचे मला आजही अप्रूप वाटते. पुणे परिसरातल्या कितीतरी लहान कारखान्यांचे मालक अशाच अप्रेंटिस शाळांतून बाहेर पडले.

आपल्या वर्गातल्या मुलींनी या वाटेचा विचारही केला नव्हता. तो त्यांचा दोष नव्हता. १९७४ साली टेल्कोच्याच नोकरीच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये, असे छापले होते. बंगळुरूला शिकणाऱ्या एका मुलीने त्यावर थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकले. तिला मुलाखतीला बोलावले आणि नोकरी मिळाली. त्या म्हणजे सुधा मूर्ती. आज पुण्यात गाड्यांच्या जुळणीवर महिला काम करतात. आपल्या वर्गात गणितात पहिल्या येणाऱ्या मैत्रिणीला तेव्हा कोणी डिप्लोमाचा अर्जसुद्धा आणून दिला नाही, हे मात्र इथे नोंदवून ठेवतो.

पहिला बाक, शेवटचा बाक

१९७९ च्या जूनमध्ये निकाल लागला. त्या दिवशी वर्गाच्या तीन वाटा झाल्या. साठ टक्क्यांच्या वरचे कॉलेजला किंवा डिप्लोमाला, मधले शेतीला किंवा दुकानात, आणि जेमतेम काठावर सुटलेले आयटीआयला. आयटीआयला जाणे म्हणजे हरणे, असे आपण मानत होतो. स्पष्टच सांगायचे तर आपले काही गुरुजनही तसेच मानत होते.

माझा हिशेब इथला आहे.

१९८५ च्या सुमारास मी ज्या कारखान्यात होतो, तिथे आपल्याच वर्गातला एक मित्र टर्नर म्हणून लागला. शाळेत तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि गणिताच्या तासाला बाहेर उभा असायचा. आता तो लेथवर होता आणि मी त्याच्या कामाचा कागद लिहिणारा. कुठला काप आधी, किती वेगाने, किती मिनिटांत, हे सगळे त्या कागदावर असते. त्याला प्रोसेस शीट म्हणतात.

आमच्याकडे एक शाफ्ट बनत असे. त्यावर बेअरिंग बसण्याची जागा ५० मिलिमीटर व्यासाची होती आणि तिथे एकूण सवलत होती १६ मायक्रॉनची. जुन्या रिवाजाप्रमाणे मोठा काप घेतल्यावर शाफ्ट रात्रभर ठेवत आणि शेवटचा बारीक काप दुसऱ्या दिवशी घेत. मी नवा होतो. मला ते शाफ्ट नुसते पडून राहिलेले दिसले. मी कागद बदलला. मोठा काप झाला की लगेच बारीक काप. एक दिवस वाचला म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

मित्र मला म्हणाला, "अरं, गरम हाय अजून. निवू दे की."

मी म्हणालो, "कागदावर आहे तसं कर."

त्याने तसे केले. त्या दिवशी सगळे शाफ्ट मापात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीत सगळे बारीक निघाले. हिशेब साधा आहे. पोलाद एक अंश तापले की मीटरला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. ५० मिलिमीटरचा शाफ्ट ३० अंश जास्त गरम असेल तर तो १८ मायक्रॉन जाड दिसतो. सवलतच १६ ची. गरम असताना जो मापात होता, तो निवल्यावर मापाच्या खाली जाणारच. हे सूत्र मी परीक्षेत सोडवले होते, त्याला पूर्ण मार्कही मिळाले होते.

सगळा लॉट भंगारात गेला. अहवाल मी लिहिला. कारणाच्या रकान्यात मी लिहिले, "कारागिराची मोजणीतील चूक."

त्याला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची पगारवाढ थांबली. तो मला काही बोलला नाही. पुढच्या लॉटला मी गुपचूप जुना कागद परत आणला. माझी बढती वेळेवर झाली.

दोर कोणी ओढायचा

ऐंशीच्या दशकात मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आली, ती १९८३ च्या डिसेंबरात. तिच्या मागोमाग जपानी कारखान्यांच्या पद्धती आपल्याकडे बोलल्या जाऊ लागल्या. नव्वदीत तर आम्हा सगळ्यांना त्यांची शिबिरे करावी लागली. कैझेन, कानबान, पाच 'एस' हे शब्द पाठ झाले. मला त्यातली एकच गोष्ट मनापासून शिकता आली.

टोयोटा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा हे सुताराचे मुलगे. जन्म १८६७ चा, म्हणजे आपल्या लक्ष्मणरावांच्या जवळपास बरोबरीचे. ते मागांची यंत्रे करत. त्यांच्या स्वयंचलित मागाची खुबी अशी, की एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबे. तुटक्या धाग्याचे कापड विणले जातच नसे. हीच कल्पना पुढे मोटारींच्या कारखान्यात आली. तिथे जुळणीच्या रांगेवर दोर बांधलेला असतो. काही चुकतेय असे वाटले की कुठलाही कामगार तो ओढतो आणि मदतीला माणूस धावत येतो. वेळेत दुरुस्ती झाली नाही तर रांग थांबते. दोर ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही.

शिबिरात हे ऐकत असताना मला "निवू दे की" एवढे तीनच शब्द आठवत होते. माझ्या मित्राने दोर ओढला होता. आमच्या कारखान्यात दोर बांधलेला नव्हता आणि मी ऐकण्याच्या तयारीत नव्हतो.

त्यानंतरची माझी सगळी नोकरी मी एका नियमावर केली. नवा कागद लिहिला की तो आधी मशीनवरच्या माणसाला वाचून दाखवायचा आणि विचारायचे, "यात काय चुकलंय?" काय चुकलेय असे विचारायचे, बरोबर आहे का असे विचारायचे नाही. बरोबर आहे का विचारले की माणूस होच म्हणतो. या एका प्रश्नाने मला जेवढे शिकवले तेवढे पुढे रात्रीच्या वर्गांत मिळवलेल्या पदवीने शिकवले नाही. पदवी निरुपयोगी होती असे नाही. मित्राला "निवू दे" एवढे कळत होते. किती वेळ निवू द्यायचे, पंखा लावला तर चालेल का, शाफ्टऐवजी पातळ नळी असेल तर काय, हे सांगायला ते सूत्र लागते. वाडीचे दोन पाय म्हणालो ते हेच.

आता मशीन बदलली आहे. सीएनसीवर माप मशीनच घेते, तापमानाची दुरुस्तीही काही मशीन स्वतः करतात. प्रोग्रॅम लिहिणारा वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसतो. मशीनपाशी असतो एखादा कंत्राटी पोरगा, काही महिन्यांसाठी आलेला. त्याला काही खटकले तरी तो कशाला बोलेल? आणि बोलण्याइतके त्याला कळेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. यंत्रे कितीही हुशार झाली तरी मला खरी काळजी या तुटलेल्या धाग्याची वाटते.

कमान की कार्यशाळा

म्हणून बॅचच्या देणगीबद्दल माझे मत सांगतो. शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यावी असा बहुतेकांचा विचार आहे. कमान छान दिसेल, त्यावर बॅचचे नावही येईल. पण मागच्या भेटीत मी आपली जुनी कार्यानुभवाची खोली उघडून पाहिली. बाकांवरचे व्हाइस गंजले आहेत, कानशी एका खोक्यात पडल्या आहेत आणि खोलीत तुटकी बाके रचली आहेत. ज्या मुलखात निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला, तिथल्या शाळेतल्या पोराने दहावीपर्यंत कानस हातात धरलेली नसावी, हे मला बरे वाटत नाही. कमानीचे पैसे त्या खोलीला द्यावेत. दहा व्हाइस, एक लहान लेथ, एक ड्रिलिंग मशीन, मापाची चांगली हत्यारे आणि शिकवायला माणूस.

माणूस आहे. लेख लिहून झाल्यावर मी त्या मित्राला फोन केला. तो निवृत्त होऊन गावी आला आहे. नाव छापणार नाही असे सांगून त्याला त्याच्यापुरता भाग वाचून दाखवला आणि माफी मागितली. चाळीस वर्षे उशिरा मागितली.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सगळा लॉट गेला असं लिवलंयस, ते तेवढं दुरुस्त कर. दोन शाफ्ट मी तुला न सांगता रातभर ठिवलं हुतं. सकाळी काप मारला. ते दोन पास झालं हुतं."

म्हणजे पुरावा त्याच्या हातात होता. मी विचारले, "मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू इचारलं नव्हतंस."

वरचा मजकूर मी मुद्दाम बदललेला नाही. दुरुस्ती इथे करतो. दोन शाफ्ट पास झाले होते.

कार्यशाळा सुरू झाली तर दर शनिवारी येऊन पोरांना शिकवायला तो तयार आहे. मोबदला नको म्हणाला. एकच अट घातली आहे, मायक्रोमीटर स्वस्तातला आणायचा नाही.